डेलिली उपटून सुकवू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील बागकामाच्या प्रश्नोत्तरांत एका वाचक भगिनींनी विचारले होते की, हिवाळ्यात कुंडीत लावलेल्या डेलिलीला मार्चमध्ये एक दांडा आला, पाच-सात फुले उमलली आणि तेव्हापासून आजतागायत नुसती पानेच वाढत आहेत, तर तिला पुन्हा फूल यावे म्हणून काय करावे. त्यावर, पाणी तोडावे, पाने पिवळी पडली की कंद उपटून पंधरा दिवस सावलीत सुकवावेत, पावसाच्या सुरुवातीला ते पुन्हा लावावेत आणि मग दर आठवड्याला १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद व पालाश सारख्या प्रमाणात असलेले विद्राव्य खत द्यावे, असे उत्तर देण्यात आले आहे. उत्तर देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु हा सल्ला दुसऱ्याच झाडाचा आहे, आणि तो तंतोतंत पाळला तर डेलिलीला फूल येणे दूरच, ती हातची जाण्याचीच शक्यता अधिक आहे. पाऊस तोंडावर असल्याने हे पत्र तातडीने लिहीत आहे.

गोंधळाचे मूळ नर्सरीत आहे. ‘लिली’ या एका नावाखाली आपल्याकडे किती तरी वेगवेगळी झाडे विकली जातात. पावसाच्या पहिल्या सरींनंतर फुलणारी गुलाबी-पांढरी रेन लिली, मे महिन्यात लाल गोंडा देणारी मे फ्लॉवर, मोठ्या फुलांची अ‍ॅमरिलिस, पांढरी स्पायडर लिली आणि फुलवाल्यांकडे पुष्पगुच्छात दिसणारी एशियाटिक लिली ही सगळी कांद्यासारख्या कंदातून येतात. त्यांतल्या अ‍ॅमरिलिसला किंवा मे फ्लॉवरला काही आठवड्यांची कोरडी विश्रांती मानवते, आणि सुकवण्याचा सल्ला तिथूनच आला असावा. डेलिलीला मात्र असा कंद नसतोच. कुंडीतून काढून तिची माती धुतली तर फिकट पिवळसर, मांसल मुळांचा जुडगा हाती येतो. त्यांतली काही मुळे टोकाकडे फुगलेली असतात, थेट शतावरीची आठवण व्हावी अशी. आणि मुळे व पाने जिथे मिळतात तिथे एक टणक, पांढरट सांधा असतो. झाडाचा सगळा जीव त्या सांध्यात असतो. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही डेलिलीला लिलीच्या कुळातून केव्हाच बाहेर काढले असून आता ती कोरफडीच्या कुळात गणली जाते. मांसल मुळांत पाणी आणि अन्न साठलेले असल्यामुळे मातीबाहेर काही दिवस ती तग धरते, म्हणूनच टपालाने पाठवता येते. पण तग धरणे वेगळे आणि त्यातून फायदा होणे वेगळे. सुकवल्यामुळे तिला फूल येत नाही. उलट बारीक मुळे मरतात, ती नव्याने फुटेपर्यंत महिना-दोन महिने जातात, आणि तेवढ्यात पावसाळी दमट उष्म्यात जखमी सांध्याला सड लागली की पानांचा अख्खा झुबका हातात निघून येतो. त्या वेळी येणारा कुजकट वास ज्याने एकदा घेतला आहे, तो पावसात डेलिली उपटायला सहसा धजावत नाही.

एका बहरानंतर डेलिली का थांबते, हे समजण्यासाठी तिच्या वाढीची रीत पाहावी लागते. डेलिलीची पाने समोरासमोर दोन ओळींत येतात, त्यामुळे प्रत्येक फुटव्याचा एक चपटा पंखा तयार होतो. पंखा पुरेसा मोठा झाला की त्याच्या मधून फुलाचा दांडा वर येतो. मात्र दांडा आला की त्या फुटव्याचा वाढीचा शेंडा तिथेच संपलेला असतो. पुढची वाढ बाजूच्या डोळ्यातून व्हावी लागते, आणि त्या नव्या वाढीला पुन्हा पुरेशी पाने आल्याशिवाय दुसरा दांडा निघत नाही. फूल तर एकाच दिवसाचे: सकाळी उमलते आणि रात्रीपर्यंत मिटून लिबलिबीत होते. म्हणजे दांड्यावर जितक्या कळ्या, जेमतेम तितक्या दिवसांचा बहर. परदेशी बागांच्या छायाचित्रांत महिनाभर फुललेले जे ताटवे दिसतात, त्यांत प्रत्येक गड्ड्याला दहा-पंधरा पंखे असतात आणि त्यांचे दांडे मागेपुढे येत राहतात. आपण काळ्या पिशवीतून घरी आणतो त्यात बहुधा एक, फार तर दोन पंखे असतात. त्या बिचाऱ्यांनी पाच-सात फुले दिली हेच पुष्कळ झाले, आणि तीही नर्सरीत असताना मुळांत साठवलेल्या अन्नावर. नव्या जागी आल्यावर पहिले वर्षभर डेलिली मुख्यतः मुळे आणि फुटवे वाढवते. तेव्हा मार्चनंतर पानेच वाढत असतील तर रोपात काही बिघडलेले नाही. पुढच्या बहराची तयारी चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट जातीची. वर्षातून एकदाच फुलणे हा बहुसंख्य डेलिलींचा स्वभाव आहे. चीन, जपान आणि कोरियाकडून जगभर गेलेली जुनी नारिंगी डेलिली एकदाच फुलते, आणि कितीही खत घातले तरी एकदाच फुलते. पुन्हा पुन्हा दांडे काढण्याचा गुण काही निवडक जातींत संकरातून आणला गेला आहे. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे वॉल्टर जाब्लॉन्स्की यांनी १९७५ मध्ये नोंदवलेली ‘स्टेला दे ओरो’ ही बुटकी, सोनेरी-पिवळी जात. १९८५ मध्ये तिला अमेरिकेतील डेलिलीच्या क्षेत्रातले सर्वोच्च मानले जाणारे स्टाउट पदक मिळाले. हे पदक ज्यांच्या नावाने दिले जाते, ते आर्लो बर्डेट स्टाउट न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये वर्षानुवर्षे डेलिलीच्या संकरावर काम करत होते आणि १९३४ मध्ये त्यांनी या झाडावर पुस्तकही लिहिले. ‘स्टेला’पासून पुढे १९८६ मध्ये आलेली फिकट लिंबू रंगाची ‘हॅपी रिटर्न्स’ हीदेखील पुन्हा फुलणारी आहे. आपल्या कुंडीत यांतली एखादी असेल तर वर्षातून दोनदा-तीनदा बहराची आशा करणे रास्त आहे. नसेल तर बाटलीतले कोणतेही ‘फ्लॉवर बूस्टर’ आणून तो स्वभाव बदलत नाही.

जातीइतकेच महत्त्व तिच्या हिवाळी वागणुकीला आहे. काही डेलिली हिवाळ्यात पाने पूर्ण टाकून झोपी जातात, काही बाराही महिने हिरव्या राहतात आणि काही या दोहोंच्या मधल्या असतात. पूर्ण झोपणाऱ्या जातींना कडक थंडी लागते. पुण्या-नाशिकची थंडी आपल्याला शालीत गुंडाळून बसवत असली, तरी या जातींच्या हिशेबी ती थंडीच नव्हे, मग मुंबई, कोकण आणि गोव्याची गोष्टच सोडा. अशा जाती पहिल्या वर्षी, थंड प्रदेशात साठवलेल्या शिदोरीवर, झकास फुलतात आणि त्यानंतर वर्षागणिक खंगत जातात. विदेशी नावाची, ऑनलाइन मागवलेली महागडी डेलिली दोन वर्षांत नाहीशी झाली अशी तक्रार अनेकदा कानावर येते, तिच्या मागे पुष्कळदा हेच कारण असते. आपल्या हवेत सदाहरित जातीच घ्याव्यात. त्या दिसायला काकणभर कमी असल्या तरी चालतील.

आता उन्हाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण शहरातल्या गॅलरीतील डेलिली न फुलण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण तिथे आहे, असे माझे मत झाले आहे. डेलिलीला दिवसातून सहा तास थेट ऊन लागते. पुण्यात रोपांची सर्वाधिक खरेदी होते ती थंडीत, एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन भरते त्या सुमारास. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिणाभिमुख गॅलरीत ऊन पार दिवाणखान्याच्या दारापर्यंत येते. आपण खुशीने कुंडी तिथे ठेवतो, मार्चमध्ये दांडा येतो, आणि मग सूर्य वर सरकू लागतो. भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो त्या शून्य सावलीच्या दिवसाच्या बातम्या आपण दरवर्षी छापता. पुण्यात तो मेच्या मध्याच्या आगेमागे येतो, आणि तिथपासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे या काळात वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली असलेल्या दक्षिण गॅलरीत थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. बाहेर उन्हाने जीव नकोसा झालेला असतो, त्यामुळे आपल्याला वाटते की झाडाला ऊन रग्गड मिळते आहे. प्रत्यक्षात त्याला मिळते ती नुसती उष्णता. नव्या पंख्यांनी अन्न साठवायचे नेमके तेच महिने असतात. प्रश्न विचारणाऱ्या भगिनींची कुंडी अशा गॅलरीत असेल, तर ती गच्चीवर किंवा पूर्वेच्या गॅलरीत हलवणे हा एकच उपाय बाकी सर्व उपायांवर मात करील. पूर्वेचे सकाळचे ऊन बारमाही मिळते आणि ते सहा तासांना थोडे कमी पडले तरी चालून जाते. गच्चीवर मात्र गडद लाल आणि जांभळ्या फुलांच्या जातींना एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर थोडा आडोसा हवा, नाहीतर पाकळ्या तिसऱ्या प्रहरी ओल्या कागदासारख्या गळून पडतात. पिवळ्या आणि फिकट जाती ऊन सोसतात.

लावण्याच्या खोलीत होणारी चूकही नेहमीची आहे. तो पांढरट सांधा मातीच्या पृष्ठभागाखाली एक इंच असावा, त्याहून खोल नाही. माळी मंडळींना रोप ‘घट्ट बसावे’ म्हणून खोल गाडण्याची सवय असते, आणि खोल गाडलेली डेलिली पाने भरपूर देते पण फुलायला कुरकुरते. नुकतेच लावलेले रोप वर्षभर हलवू नये हे खरे असले, तरी खोली चुकलेली दिसली तर सांध्याभोवतीची वरची माती हलक्या हाताने काढून टाकता येते. त्यासाठी उपटावे लागत नाही. कुंडी निदान बारा इंचांची असावी, तळाची भोके मोकळी असावीत. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी असते आणि ती पाणी धरून ठेवते. डेलिलीला किंचित आम्लाकडे झुकणारी, निचऱ्याची जमीन आवडते. म्हणून काळी माती वापरायचीच असेल तर तीत निम्म्याने चांगले कुजलेले शेणखत, कोकोपीट आणि थोडी जाड वाळू मिसळावी. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या तर ती लोहाची तूट समजावी. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज शोषता येईल अशा रूपातले लोह, देऊन ती भरून निघते, युरियाने नाही. कोकणातल्या तांबड्या मातीत ही अडचण येत नाही, तिथे खरा शत्रू पाऊस. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाकावी आणि कुंडी विटांवर ठेवावी, इतके केले तरी सड पुष्कळ टळते. उन्हाळ्यात उलट, दांडा दिसू लागल्यापासून शेवटची कळी उमलेपर्यंत पाणी कमी पडू देऊ नये. रोज शिंपडण्यापेक्षा वरची माती सुकल्यावर तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. या काळात पाण्याचा ताण बसला तर कळ्या पिवळ्या होऊन झडतात, आणि आपल्या पुरवणीतील उत्तरात तर पाणी तोडायलाच सांगितले आहे!

फुले येऊन गेल्यानंतरचे एक काम फार थोडे लोक करतात. मिटलेल्या फुलाच्या देठाशी कधी कधी हिरवे, तीन कप्प्यांचे बोंड धरते. ते पिकायला दीड-दोन महिने लागतात आणि तेवढा काळ झाडाची कमाई बियांकडे जाते. बी धरायचे नसेल तर मिटलेले फूल दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बुडातल्या हिरव्या फुगीर भागासकट खुडावे. नुसती लोंबणारी पाकळी ओढून काढली तर बोंड तिथेच राहते. सगळ्या कळ्या संपल्यावर दांडा बुडापासून कापावा, पण कापण्याआधी तो वरपासून खालपर्यंत नीट पाहावा, कारण काही जातींत दांड्यावरच पानांचा छोटा तुरा फुटतो. दांड्याच्या तुकड्यासह तो कापून ओलसर मातीत टोचला की मूळ धरतो आणि मूळ झाडाची हुबेहूब प्रत मिळते. हिरवी पाने मात्र कापू नयेत. बहर ओसरला की झाड ‘साफ’ करण्याच्या उत्साहात पाने वीतभर ठेवून छाटण्याची पद्धत आहे. त्यात पुढच्या दांड्याचे अन्न जिथे तयार व्हायचे तेच छाटले जाते.

खताचे म्हणाल तर डेलिली खादाड नाही. बहर संपल्यावर ओंजळभर गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड, आणि तेच पुन्हा दिवाळीनंतर, एवढ्यावर ती समाधानी असते. १९:१९:१९ मध्ये नत्र भरपूर असते. दर आठवड्याला ते घातले तर पाने लांबलचक, गडद आणि लुसलुशीत होतील, त्यांवर मावा आनंदाने येईल, आणि दांड्याची वाट पाहणे चालूच राहील. केळीच्या सालीचे पाणी, चहाचा चोथा, ताक वगैरे समाजमाध्यमांवरच्या उपायांवर मला काही म्हणायचे नाही. त्यांनी घरातला कचरा कमी होतो. उन्हाळ्यात कळ्या वेड्यावाकड्या होऊन पाकळ्यांवर पांढुरके ओरखडे दिसले तर ते फुलकिड्यांचे काम असते. अशा कळ्या खुडून टाकाव्यात आणि निंबोळी तेलाची फवारणी संध्याकाळी करावी. पानांच्या मागे नारिंगी भुकटी असून ती बोटाला लागत असेल तर तो तांबेरा, आणि तेव्हा मात्र पाने कापून जाळण्यावाचून गत्यंतर नाही.

सारांशाने नव्हे, तर त्या भगिनींच्या एका कुंडीपुरते सांगायचे झाल्यास, आता काही उपटू नये. कुंडी उन्हात हलवावी, पावसात पाणी साचू देऊ नये आणि बाजूने येणारे नवे पंखे मोजत राहावे. जात पुन्हा फुलणारी असेल तर पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, एखादा दांडा येऊ शकेल. नसेल तर पुढच्या मार्च-एप्रिलपर्यंत थांबावे लागेल, पण तेव्हा एकाऐवजी दोन-तीन दांडे दिसावेत. तीन-चार वर्षांनी कुंडी पंख्यांनी गच्च भरली आणि फुले कमी होऊ लागली की मग गड्डा उपटून सुटा करावा, तोही दिवाळीनंतर कोरड्या हवेत, प्रत्येक भागाला दोन-तीन पंखे आणि भरपूर मुळे ठेवून.

जाता जाता एक मागणी, आपल्या वृत्तपत्राद्वारे नर्सरी व्यावसायिकांकडे आणि पुष्पप्रदर्शनांच्या आयोजकांकडे. डेलिलीच्या नोंदलेल्या जाती आज ऐंशी हजारांहून अधिक आहेत, आणि नोंद करताना दांड्याची उंची, फुलाचा व्यास, फुलण्याचा हंगाम, पाने सदाहरित की झोपणारी, पुन्हा फुलते की नाही, ही सगळी माहिती द्यावी लागते. ती नावानिशी कुणालाही पाहता येते. असे असताना आपल्याकडे पिशवीवर ‘लिली, मिक्स कलर’ एवढीच चिठ्ठी असते, आणि विचारले तर ‘बारमाही फुलते, साहेब’ हे ठरलेले उत्तर मिळते. बियाण्याच्या पाकिटावर जात छापलेली नसेल तर शेतकरी ते हातात धरणार नाही. शोभेच्या रोपांसाठी पाचशे-सातशे रुपये मोजणाऱ्या ग्राहकाने मात्र रंगसुद्धा फुलल्यावर पाहायचा. जातीचे नाव, पानांचा प्रकार आणि पुन्हा फुलते की नाही, या तीन गोष्टी लिहिणे कुणालाही जड जाऊ नये, आणि जो लिहिणार नाही त्याच्याकडून किमान महागडी डेलिली तरी घेऊ नये.

त्याच चिठ्ठीवर चौथी ओळ मांजरांसाठी हवी. चिनी स्वयंपाकात या फुलांच्या सुकवलेल्या कळ्या सुपात घालतात, त्यामुळे डेलिली निरुपद्रवी आहे असा समज पसरला आहे. मांजरांच्या बाबतीत तो जीवघेणा ठरतो. पान, फूल किंवा नुसते परागकण पोटात गेले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि असे काही घडल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता त्याला लगेच पशुवैद्याकडे न्यावे लागते. फ्लॅटच्या गॅलरीत मांजर आणि कुंड्या एकत्रच नांदतात, तेव्हा पुरवणीतील उत्तराची दुरुस्ती आपण येत्या रविवारी छापलीत, तर तीत ही सूचनाही अवश्य घालावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक,
पुणे